भिंतीवरच्या ग्रहाचं पाणी पुसायला मोलगीला

जायचं ठरलं ते रागाच्या भरात. मी अंगणात तूर पाखडत होते आणि शाळेचे मुख्याध्यापक फोनवर म्हणाले, "वहिनी, सरांनी रंगवलेली भिंत आता पांढरी करून घेतो. विज्ञान दिनाच्या आत. म्हटलं तुम्हाला सांगावं."

सर म्हणजे माझे मिस्टर. गावात सगळे सर म्हणायचे, म्हणून मीही सरच म्हणायचे. मोलगीच्या पुढे एका पाड्यावर निवासी शाळा आहे, तिथे त्यांनी अठरा वर्षं विज्ञान शिकवलं. पंधरा दिवसांनी एकदा रनाळ्याला घरी यायचे, जेवायचे, झोपायचे, परत जायचे. तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात गेले. शाळेच्या जेवणाच्या शेडला लागून जी लांब भिंत आहे, तिच्यावर त्यांनी दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणारे ग्रह रंगवले होते. मी ती भिंत फक्त फोटोत पाहिलेली.

"पांढरी कशाला? चांगली आहे की," मी म्हटलं.

मुख्याध्यापक जरा अडखळले. मग कळलं ते असं. नववीतली सविता नावाची मुलगी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात थर्माकोलचा निळा ग्रह घेऊन गेली होती. या ग्रहावर पाणी आहे, असं तिने ठणकावून सांगितलं. परीक्षकांनी विचारलं, कुठे वाचलंस? म्हणाली, आमच्या भिंतीवर. परीक्षक हसले, हे जुनं झालं म्हणाले, आणि पोर रडत परत आली. दुसऱ्या दिवशी तिने भर वर्गात विचारलं, "सर खोटं लिहायचे का?"

हे वाक्य ऐकलं आणि माझ्या हातातलं सूप खाली गेलं. अंगणभर तूर.

"भिंतीला हात लावू नका," मी म्हटलं. "मी येते. चूक असेल तेवढी दुरुस्त करून देते."

"वहिनी, तुम्ही?"

"हो, मीच."

आता जरा मागचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. माझं शिक्षण दहावी. सर गेल्यावर त्यांच्या नावाने येणारं विज्ञानाचं मासिक येतच राहिलं. माणूस नाही आणि दर महिन्याला दारात त्याच्या नावाचं पाकीट. पहिलं पाकीट मी चिडून फोडलं. मग फोडलंच आहे तर वाचलं. मग वाचनालयातून पुस्तकं आणली, मग फोनवर शोधायला लागले. फोनवर तर उच्छाद आहे. प्रत्येक व्हिडिओत परग्रहवासी सापडलेले असतात आणि लाल बाण दाखवलेला असतो.

त्या निळ्या ग्रहाचं नाव के२-१८बी. नाव आहे की प्लॉटचा नंबर, देव जाणे. प्रकाशाला तिथून इथे यायला सव्वाशे वर्षांच्या आसपास लागतात. काही वर्षांपूर्वी त्याच्या हवेत पाण्याची वाफ दिसली, असं जगभर छापून आलं. सरांनी ते वाचलं आणि भिंतीवर लिहिलं: "येथे पाणी आहे." मग अंतराळातल्या नव्या मोठ्या दुर्बिणीने पाहिलं तेव्हा मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड दिसले. आधी जी वाफ वाटली होती तो मिथेनच असावा, असं ठरलं. पाणी आहे की नाही, कोणालाच ठाम सांगता येत नाही. सर गेले मे महिन्यात आणि ही बातमी आली त्याच वर्षी गणपतीच्या सुमारास. चार महिन्यांनी चुकले. मला त्या शास्त्रज्ञांचाही राग येतो. जरा लवकर बघितलं असतं तर काय बिघडलं असतं?

मनाशी एकच पक्कं केलं होतं, सरांचं अक्षर पुसायचं नाही. बाजूला दोन ओळींचा खुलासा लिहायचा आणि परत यायचं. सरांचे जुने ब्रश घेतले. पुसायला फडकं घेतलं, तेही त्यांच्याच जुन्या शर्टाचं. ते गेल्यावर मी तीन शर्टांची फडकी केली होती. दुसरं काय करणार? तिन्हींच्या बाह्यांना ऑइल पेंटचे डाग होते. दर वर्षी थंडी सरता सरता ते शर्टाला रंग लावून यायचे आणि मी दर वर्षी त्यावरून भांडायचे. शाळेचे बोर्ड रंगवत असतील असं वाटायचं.

पहिला दिवस: रनाळे ते शहादा, जिथे जायचंच नव्हतं

नंदुरबारहून सकाळची मोलगी गाडी पकडायची असेल तर रनाळ्याहून पहिल्या गाडीने निघा, असं सगळे सांगतात. पहिली गाडी वेळेवर येईल, असं कोणी सांगत नाही. ती आली नाही. दुसरी आली. त्यात नंदुरबारच्या अलीकडे वाळत घातलेल्या मिरचीच्या पथारी लागल्या. मैदानंच्या मैदानं लाल. फोटोला छान दिसतात, मी नाकारत नाही. पण खिडकीची काच मध्येच अडकलेली असली की सगळी गाडी एकदम शिंकते आणि कंडक्टर शिंकत शिंकत तिकिटं फाडतो. या दिवसांत येणार असाल तर तोंडाला रुमाल ठेवा. बायकांना अर्धं तिकीट आहे, शिंका पूर्ण.

नंदुरबार स्टँडवर चौकशीच्या खिडकीशी गेले.

"भाऊ, मोलगीनी गाडी?"

"मावशी, ती कव्हयच निंघी गयी."

"मंग दुसरी?"

"दुपारले शे. पण ती अक्कलकुव्यापर्यंतच. पुढे जीप भेटनी ते भेटनी." मग वर तोंड करून, "मोलगीले कसाले चालनी? पोरगी दियेल शे का तथी?"

"भित रंगाडाले," मी म्हटलं. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मागच्या माणसाला पुढे ये म्हणाला.

अक्कलकुव्यात अडकून बसण्यापेक्षा शहाद्याला नणंदेकडे मुक्काम करावा आणि सकाळी धडगावमार्गे जावं, असं ठरवलं. प्रकाशा गावाजवळच्या पुलावरून तापी ओलांडली. पलीकडे ऊस आणि केळी. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून रस्त्याच्या मधून चालतात आणि मागे आमची गाडी वरातीत असल्यासारखी. शहाद्याला पोचेस्तोवर दुपार झाली होती.

रंग शहाद्यातच घेतला. बसस्टँडजवळ हार्डवेअरची जुनी दुकानं आहेत. एका दुकानात पांढऱ्या दाढीचे चाचा बसले होते.

"निळा ऑइल पेंट द्या. लहान डबा."

"कौनसा निळा बहनजी? आसमानी, फिरोजी, नेव्ही?"

आता काय सांगू? त्या ग्रहाचा खरा रंग कोणी पाहिलेलाच नाही. ग्रह दिसतच नाही. तो ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा उजेड जरासा कमी होतो, एवढंच दिसतं. पेपरातली निळी चित्रं सगळी चित्रकारांनी काढलेली. मी म्हटलं, "ग्रहाला द्यायचाय."

चाचा हसले नाहीत. म्हणाले, "एक मास्तर नेत होते. मोलगीकडचे. हर साल फरवरीमध्ये यायचे. आसमानी छोटा डबा, सफेद छोटा डबा, टर्पेंटाइन. तेही ग्रहच म्हणायचे. आता दोन-तीन साल दिसले नाहीत."

"ते गेले," मी म्हटलं. "माझे मिस्टर."

त्यांनी तिन्ही वस्तू काउंटरवर ठेवल्या. माझ्यासाठी स्टूल पुढे केलं. मी बसले नाही. मला राग आला होता. शहाद्याच्या दुकानदाराला ठाऊक, आणि मला अठरा वर्षांत ठाऊक नाही.

नणंद इंदूताईने दारातच सुरुवात केली. "वहिनी, तू येडी व्हयी गयी का? भित पुसाले मोलगी? फोनवर सांगी दे ना, पुसी टाका म्हणीसन."

"पुसायची नाहीये ताई. सुधारायची आहे."

"दादा गया, आते भितवर काय बी ऱ्हावो. तुले काय?"

मी सवितेचा प्रश्न सांगितला. इंदूताई भाकरी थापायला बसली. थापता थापता म्हणाली, "दादा खोटं नै बोलाचा." मग पुढची भाकरी तिने जरा जोरातच थापली.

दुसरा दिवस: धडगाव, जीप आणि भिंत

शहादा-धडगाव गाडी घाट चढायला लागली की पोट सांभाळा. सकाळी रिकाम्या पोटी निघू नका आणि भरल्या पोटीही निघू नका. दोन्ही करून पाहिलेल्या बायका माझ्याच बाकावर होत्या. डोंगरात पळस फुलला होता, मोहाची फुलं पडायला लागली होती आणि पोरं-बाया टोपल्या घेऊन झाडाखाली वाकलेल्या. धडगावला उडदाची डाळ आणि भाकरी खाल्ली. झणझणीत, स्वस्त, आणि पाणी मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

पुढे जीप. जीप भरली की निघते. भरली म्हणजे काय, हे ड्रायव्हरच्या मनावर आहे. माझ्या मते दोनदा भरली होती. त्यात मोलगीचा बाजार. मांडीवर आमचुराची पिशवी, पायाशी कोंबड्या. एक बाई शांतपणे माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. रंगाचे डबे मी छातीशी धरून बसले.

मोलगीहून शाळेपर्यंत मुख्याध्यापकांनी मोटारसायकल पाठवली. भिंत लांबूनच दिसली.

फोटोत तिची लांबी कळत नव्हती. डावीकडे एक लाल तारा आणि त्याभोवती सात ग्रह, त्यातले तीन हिरवे. वर ठळक अक्षरात "राहण्यायोग्य ग्रह". उजवीकडे एकटा मोठा निळा ग्रह आणि खाली सरांचं ते उभं, सरळ अक्षर: "येथे पाणी आहे." कोपऱ्यात "आजवर सापडलेले ग्रह: ५२००". आता सहा हजारांच्या वर गेलेत. पाऊस लागून लाल ताऱ्याची एक कड उडाली होती. बाकी सगळं जसंच्या तसं.

मी बराच वेळ नुसती उभी राहिले. मुख्याध्यापक बाजूला उभे राहून घड्याळ बघत होते. "पेंटर उद्या दुपारी येतोय," ते म्हणाले. "तोवर जे करायचं ते करा. पण चुकीचं काही राहायला नको. माझ्यावर येतं."

सविता शेडच्या खांबाला टेकून उभी होती. मी बोलावलं तर आली नाही. तिथूनच म्हणाली, "लिहिलं होतं म्हणून मी सांगितलं."

तिचं बरोबरच होतं. 

मग दामजीदादा आले. शाळेचे जुने स्वयंपाकी. घरी भिली बोलतात, माझ्याशी मराठी. इकडे लहान-थोर सगळ्यांना तू म्हणतात, त्यात अपमान नसतो. त्यांनी वरचं "राहण्यायोग्य" बोटाने दाखवलं आणि म्हणाले, "बाई, हे मी सरला पण विचारलं होतं. तिथे कोण जाऊन आला?"

"कोणी नाही. जाता येत नाही."

"मग राहण्यासारखं कसं म्हणतात?"

मी चिडूनच सांगायला लागले, कारण या शब्दावर माझा फार दिवसांचा राग आहे. राहण्यायोग्य म्हणजे तिथे राहता येईल असं नाही. तो ग्रह ताऱ्यापासून अशा अंतरावर आहे की पाणी असलंच, आणि वर हवा असलीच, तर ते गोठणार नाही आणि उडून जाणार नाही. एवढंच. हे "असलंच तर" कोणी छापत नाही. त्या सातांपैकी ताऱ्याजवळच्या ग्रहांवर हवा दिसली नाही. हिरव्यातल्या एकाची तपासणी चालू आहे. लाल तारे भडकतात, हवा उडवून लावतात.

दामजीदादा ऐकत होते. मग जमिनीवर उकिडवे बसले आणि म्हणाले, "आमचं गाव नर्मदेकाठी होतं. धरणात गेलं. तेव्हा आम्हाला पण जमीन दाखवली. कागदावर. राहण्यासारखी, पिकण्यासारखी, विहीर आहे, असं लिहिलेलं. आम्ही हो म्हटलं नाही. आधी चार माणसं आणि दोन म्हाताऱ्या पाठवल्या. म्हाताऱ्यांनी माती फडक्यात बांधून आणली, तिचा वास घेतला. विहीर होती. पाणी नव्हतं."

"मग?"

"मग दुसरी बघितली. मग तिसरी. तिसऱ्या ठिकाणी भाऊ गेला. मी इथेच राहिलो." ते भिंतीकडे बघत होते. "सरला मी सांगितलं होतं, तू कागद बघून लिहितो. सर म्हणाला, हो, दादा, कागदच आहे माझ्याकडे. नवा कागद आला की खोडू."

"खोडू?"

"खोडायचा की. दर वर्षी. विज्ञान दिनाच्या आधी. शिडी मीच धरायचो." त्यांनी खिशातून पत्र्याचा तुकडा काढला आणि ग्रहांच्या आकड्याजवळ हलकेच खरवडलं. "बघ."

५२००च्या पापुद्र्याखाली पांढरा रंग होता आणि पांढऱ्याखाली सरांच्याच अक्षरात ४९००. तिथेही खरवडलं, तर खाली ४३००. आणखी खाली काहीतरी होतं, पण ते पार पुसट. मग दादांनी लाल ताऱ्याची उडालेली कड दाखवली. तिच्या खाली पिवळा सूर्य होता आणि एका छोट्या ग्रहावर फुली मारलेली. तो प्लूटो असणार.

दर फेब्रुवारीत शर्टाला रंग. बोर्डाचा नव्हे.

मी तिथेच मातीत बसले. डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाही राग आला, कारण मुख्याध्यापक बघत होते. अठरा वर्षं हा माणूस एका भिंतीवर लिहीत आणि खोडत होता आणि घरी येऊन वरण जरा पातळ झालंय, एवढंच म्हणायचा. मी विचारलं नाही, हेही खरं. डाग कसा पडला, हे मी कधी विचारलं नाही. का पाडला, एवढंच विचारलं.

"सविता, इकडे ये," मी म्हटलं. आवाज चढाच होता. या वेळी ती आली. मी तिला खरवडलेले आकडे दाखवले, एकाखाली एक. "हे कोणी लिहिलं?"

"सरांनी."

"आणि खोडलं कोणी?"

तिने जवळ जाऊन बोट फिरवलं. "सरांनीच. अक्षर एकच आहे."

"पाण्याचं खोडायचं राहिलं. ती बातमी आली तेव्हा सर नव्हते. तीन वर्षं कोणी खोडलं नाही, म्हणून तुला बोलणी खावी लागली. त्यात सरांची चूक नाही. आमची आहे."

'आमची' म्हणताना मी मुख्याध्यापकांकडे पाहिलं. त्यांनी घड्याळ बघणं थांबवलं.

मग मी ते केलं जे करायचं नाही असं ठरवून घरून निघाले होते. फडक्यावर टर्पेंटाइन ओतलं, पत्र्याने रंगाची कड उचकटली आणि "येथे पाणी आहे" खरवडून काढलं. सगळ्यात आधी "आहे" गेलं. "पाणी" चिवट निघालं, दोन वेळा रंग दिला असावा. हात भरून आला. दामजीदादा मध्ये मध्ये "खाली दाब, खाली दाब" म्हणत होते, जणू मी भांडी घासते आहे. वर पांढरा दिला, वाळू दिला. ग्रहाला आसमानी दिला, कारण दुसरा रंग मलाही माहीत नव्हता.

रात्री शाळेतच राहिले, तिसऱ्या दिवशी सकाळी लिहिलं. माझं अक्षर वाकडं. सरांच्या शेजारी तर फारच वाकडं.

"येथे पाण्याची वाफ दिसली असे वाटले होते. तो मिथेन असावा. पाणी आहे की नाही, अजून माहीत नाही. शोध चालू आहे."

वरच्या "राहण्यायोग्य ग्रह" खाली सवितेने स्वतः लिहिलं, "अजून कोणी जाऊन पाहिलेले नाही." दामजीदादांनी तिच्याकडून ते दोनदा वाचून घेतलं. "आता बरोबर," म्हणाले आणि डाळ लागते की काय म्हणून पळाले.

पेंटर दुपारी आला. मुख्याध्यापकांनी त्याला स्वयंपाकघराच्या भिंतीकडे पाठवलं.

निघताना सविता म्हणाली, "आणि काकू, हे पण चुकीचं निघालं तर?"

"निघेल. या ग्रहाच्या हवेत आणखी एक वायू सापडला असं मध्यंतरी काहींनी म्हटलं. आपल्या समुद्रात बारीक जीव तो तयार करतात. लगेच दुसऱ्यांनी तीच मोजणी पाहून सांगितलं की नक्की काही दिसत नाही. त्यांचं भांडण मिटलं की बघू. मग खोडायचं."

"कोण?"

"तू दहावीला जाशील ना? मग तू. शिडी दादा धरतील."

"आणि तुम्ही?"

"मी रंग आणीन. शहाद्याला दुकान माहीत आहे."

परत

परतीला मोलगी-नंदुरबार थेट गाडी मिळाली. देवगोई घाटाने अक्कलकुवा, तिथून तळोदा, तापीचा पूल. जाताना हीच गाडी मिळाली असती तर एका दिवसात पोचले असते. पण मग चाचांचं दुकान लागलं नसतं, हे गाडीत बसल्यावर लक्षात आलं, आणि एसटीचे आभार मानायची वेळ आली याचा वैताग आला. मिरचीच्या पथारींपाशी पुन्हा सगळी गाडी शिंकली.

घरी आल्यावर इंदूताईचा फोन. "पुसनं का?"

"पुसलं."

"मंग झाया ना आते? बस घरमा."

"नाही ना ताई. पुढल्या फेब्रुवारीत परत जायचंय."

 ती म्हणाली, "दादा बी असाच करे. शहाद्याले ये, दुकानवर जाय, नि पाच मिनिटसाठे चहा पी जाय. मी म्हणे, बठ ना, तर म्हणे भित वाट पाही ऱ्हायनी."

म्हणजे हिलाही ठाऊक होतं.

फडकं दोनदा साबणाने घासलं. बाहीवरचा जुना डाग तसाच आहे आणि शेजारी माझा नवा. वाळत घालताना सवयीने तोंड उघडलं होतं, रंग कुठे सांडून आलात म्हणून. सांडला मीच होता. फडकं घडी करून ब्रशांच्या डब्यात ठेवलंय, आता त्याने ओटा पुसणार नाही.